किडनीच्या गाठीचे दोन रिपोर्ट, दोन नावं. पुढच्या तपासण्या कराव्यात का?

मासुंदा_काठ
नमस्कार मंडळी. पहिलाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या धाकट्या भावाची (वय ३६) डावी किडनी गेल्या महिन्यात काढली. त्रास काहीच नव्हता, ऑफिसच्या हेल्थ चेकअपच्या सोनोग्राफीत गाठ दिसली, सीटीत ५ सेंटिमीटरची निघाली आणि पंधरा दिवसांत ऑपरेशन झालं. रिपोर्ट आला त्यात 'पॅपिलरी रीनल सेल कार्सिनोमा, टाइप २' असं लिहिलेलं. ऑन्कोच्या डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, एवढ्या तरुण माणसात मला या नावावर थांबायचं नाही, ब्लॉक (गाठीचे मेणात जपलेले तुकडे) घ्या आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. दुसरीकडून आलं की 'हाय ग्रेड आरसीसी, एफएच डेफिशियंट असण्याची शक्यता, आयएचसी आणि जर्मलाइन टेस्ट करावी'. आरसीसी म्हणजे रीनल सेल कार्सिनोमा, किडनीचा कॅन्सर, एफएच हे एक प्रथिन आणि जर्मलाइन टेस्ट म्हणजे रक्तातून जनुकं तपासणं, एवढंच कळलं.

आता घरात दोन तट पडलेत. बाबा म्हणतात गाठ निघाली, टाके वाळले, आता काढून टाकलेल्या मांसावर अजून पैसे का घालायचे. वहिनी रात्र रात्र गूगल करत बसते आणि सकाळी डोळे सुजलेले. मला दोघांचंही पटतं आणि दोघांचंही पटत नाही.

माझे प्रश्न असे की दोन रिपोर्ट वेगळे म्हणजे पहिला चुकला का? हे आयएचसी नेमकं काय असतं? आणि नाव बदलून उपचारात खरंच काही फरक पडतो का? ठाणे-नवी मुंबईत कोणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

वाशी_सेक्टर_९
ताई, भाऊ आता कसा आहे? जेवतोय ना नीट? बाकीचं जाणकार सांगतीलच.

मासुंदा_काठ
आहे बरा. जिना चढतो, फिरायला जातो. दुसरी किडनी उत्तम आहे, क्रिएटिनिन ठीक. विचारलंत, बरं वाटलं.

कोलशेत_बंड्या
स्पष्टच लिहितो, राग मानू नका. माझ्या काकांच्या वेळी आम्ही एकामागोमाग एक टेस्ट करत गेलो, प्रत्येक रिपोर्टच्या खाली 'पुढील तपासणी सुचवतो', आणि शेवटी औषध तेच जे पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मेडिक्लेमवाल्यांनी टेस्टची बिलं नाकारली ती वेगळीच. गाठ पूर्ण निघाली असेल, कडा क्लिअर असतील, तर दर सहा महिन्यांनी स्कॅन करा आणि माणसाला जगू द्या. वडिलांचं मला चूक वाटत नाही.

ऐरोली_गाडी
बंड्याभाऊ, आमचा अनुभव बरोब्बर उलटा आहे म्हणून लिहितो. सासऱ्यांच्या (वय ६८) किडनीत ४ सेंटिमीटरची गाठ, सुईने बायोप्सी केली तर रिपोर्ट 'ऑन्कोसायटिक निओप्लाझम'. निओप्लाझम म्हणजे नुसती गाठ, साधीही असू शकते, पण आम्ही शब्द वाचूनच निम्मे मेलो. सासूबाईंनी तर कोपिनेश्वराला जाऊन नवस बोलून टाकला. युरोलॉजिस्टने बसवून समजावलं की या घरात दोघं जण राहतात, एक ऑन्कोसायटोमा, तो निरुपद्रवी, आणि एक क्रोमोफोब, तो कॅन्सर असला तरी सहसा संथ. साध्या स्टेनमध्ये (स्लाइडला देतात त्या रंगात) दोघंही गुलाबी गुलाबी दिसतात. मग सीके ७ नावाचा मार्कर लावला. क्रोमोफोबमध्ये तो बहुतेक सगळीकडे पसरून लागतो, ऑन्कोसायटोमात इकडे तिकडे चार दोन पेशींना. आमच्यात चार दोन पेशीच. ऑपरेशन टळलं, आता नुसतं फॉलोअप. एका मार्करने किडनी वाचली असं मी तरी म्हणेन.

घोडबंदर_किल्ला
आणि नवस? तो फेडला की नाही?

ऐरोली_गाडी
फेडला हो. सासूबाई म्हणाल्या सीके ७ पण त्यानेच पाठवला.

स्लाइडबाई
मी नेरूळला एका लॅबमध्ये हिस्टोपॅथची टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली, म्हणून मासुंदाताईंच्या आयएचसीच्या प्रश्नाला मीच हात घालते, डॉक्टरकीचं डॉक्टर सांगतील.

गाठ आमच्याकडे येते तेव्हा दहा टक्के फॉर्मलिनमध्ये बुडलेली हवी. किडनी नुसती अख्खी बरणीत टाकली तर आतपर्यंत फॉर्मलिन पोचत नाही, मधला भाग खराब व्हायला लागतो, म्हणून ती चिरून उघडून ठेवावी लागते. सगळं पुढचं काम या पहिल्या काही तासांवर असतं आणि याबद्दल पेशंटला कोणी काही सांगत नाही. मग बोटाच्या पेराएवढे तुकडे कॅसेटमध्ये, रात्रभर मशीनमध्ये पाणी काढायचं, आणि सकाळी पॅराफिन मेणात बसवायचे. तो झाला ब्लॉक. तो मायक्रोटोमवर लावून तीन-चार मायक्रॉनचे काप काढायचे, ते कोमट पाण्यावर कुरडईच्या पापुद्र्यासारखे पसरतात, आणि स्लाइडने अलगद उचलायचे. साध्या स्टेनमध्ये पेशीचं केंद्रक निळंजांभळं, बाकी गुलाबी. यात आकार दिसतो.

आयएचसीत आपण अँटिबॉडी टाकतो, ती एकच प्रथिन हुडकते. ते प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग चढतो. एफएचची गंमत उलटी आहे. हे प्रथिन सगळ्या निरोगी पेशींत असतंच, म्हणजे सगळीकडे तपकिरी दिसायला हवं, आणि गाठ एफएच डेफिशियंट असेल तर गाठीच्या पेशी कोऱ्या राहतात. मात्र त्याच स्लाइडवर गाठीतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी तपकिरी आल्याच पाहिजेत. त्याही कोऱ्या असतील तर स्टेनच बिघडलाय, परत करायचा. मी तरी सकाळी पहिली रक्तवाहिनीच बघते.

एक कळकळीची विनंती. ब्लॉक नेताना उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण साठ डिग्रीच्या आतबाहेर वितळतं आणि मे महिन्यात बंद गाडीत डॅशबोर्ड किती तापतो ते हात लावून बघा. एकदा एक काका पूर्ण मऊ पडलेले ब्लॉक घेऊन आले होते, मला रडू यायचं बाकी होतं. आणि ब्लॉक देताना घेताना नंबर आणि संख्या लिहिलेली पोच घ्या.

कळवेकरीण
स्लाइडबाई, किती छान लिहिलंत. आमच्या हातात नुसता कागद येतो, त्याच्यामागे एवढे हात असतात हे माहीतच नव्हतं.

पाचपाखाडी_काका
मी निवृत्त पॅथॉलॉजिस्ट. पस्तीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलो. थोडं सविस्तर लिहितो.

पहिला रिपोर्ट चुकला का? मी तसं म्हणणार नाही. किडनीच्या कॅन्सरमध्ये चारातले तीन साधारण क्लिअर सेल असतात, त्यानंतर पॅपिलरी, मग पाच टक्क्यांच्या आसपास क्रोमोफोब, आणि उरलेल्या थोड्या जागेत बरेच दुर्मिळ प्रकार दाटीवाटीने बसलेत. पॅपिलरी म्हणजे पेशी बोटांसारख्या उंचवट्यांवर रचलेल्या. पूर्वी त्यात टाइप १ आणि टाइप २ असे दोन भाग करायचे. 'टाइप २' ही अडगळीची खोली झाली होती, मोठ्या केंद्रकाचं, वाईट वागणारं काहीही दिसलं की त्यात टाकायचं. जनुकं तपासायला लागल्यावर कळलं की त्या खोलीत वेगवेगळ्या घरची माणसं राहतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात टाइप १, टाइप २ ही विभागणी सोडून दिली आणि काही प्रकारांना थेट जनुकावरून नाव दिलं: एफएच डेफिशियंट, एसडीएच डेफिशियंट, टीएफई३ रिअरेंज्ड, एएलके रिअरेंज्ड वगैरे. पहिल्या पॅथॉलॉजिस्टने आकार बरोबर वाचला, नाव जुनं दिलं. दुसऱ्याने बहुधा मोठे, लालसर, भोवती पांढरी कडी असलेले न्यूक्लिओलस, म्हणजे केंद्रकातले ठिपके, पाहिले. ते पाहिले की हात आपोआप एफएचच्या मार्करकडे जातो.

आता नावाने काय फरक पडतो? बंड्याभाऊंना मुद्दाम सांगतो. एक म्हणजे वागणूक. काही आनुवंशिक प्रकारांत, उदाहरणार्थ व्हीएचएल नावाच्या आजारात, गाठ ३ सेंटिमीटर होईपर्यंत लक्ष ठेवून थांबता येतं. एफएचच्या गाठीत थांबत नाहीत, ती लहान असतानाही पसरू शकते. दुसरं औषध. दुर्दैवाने पसरली तर बेव्हासिझुमॅब आणि अर्लोटिनिब ही जोडी या प्रकारात वापरतात, नेहमीच्या क्लिअर सेलचा पहिला उपाय वेगळा. तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. ही गाठ बऱ्याचदा घराण्यातून आलेली असते. म्हणजे ही तपासणी फक्त तुमच्या भावाची नाही.

म्हणून मासुंदाताई, दोन गोष्टी विचारतो, चारचौघांत सांगायच्या नसतील तर सांगू नका. भावाच्या अंगावर, विशेषतः दंड, खांदा, पाठ, तिथे तांबूस तपकिरी टणक पुटकुळ्या आहेत का, दाबलं की किंवा गारठ्यात दुखणाऱ्या? आणि घरातल्या बायकांना कमी वयात फायब्रॉइडचा त्रास झाला होता का?

कोलशेत_बंड्या
काका, माझा आक्षेप खर्चावर आणि दमछाकीवर होता, ज्ञानावर नाही. पण हे 'घराण्यातून' म्हणताय ते मात्र आमच्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं.

खारघर_हिल्स
माझ्या भाचीचं लिहू का नको असा विचार करत होते. १९ वर्षांची. लघवीत रक्त दिसलं म्हणून गेली आणि किडनीत गाठ. या वयात किडनीचा कॅन्सर म्हटल्यावर पॅथॉलॉजिस्टने टीएफई३ चा (त्या जनुकाच्या तुटण्याने होणाऱ्या प्रकाराचा) विचार आधीच केला होता, मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये तो प्रकार जास्त. पण आयएचसीत रंग धूसर आला, ना धड हो ना धड नाही. मग फिश नावाची जनुकाची टेस्ट केली. त्यात जनुकाच्या दोन टोकांना दोन रंगांचे दिवे लावतात, जनुक अखंड असेल तर दिवे चिकटून, तुटलं असेल तर लांब लांब. आमच्यात चिकटूनच दिसले, निगेटिव्ह. आम्ही पेढे आणायचेच बाकी होतो. पण डॉक्टर म्हणाल्या मला स्लाइडवर जे दिसतंय त्याच्याशी हे जुळत नाही. आरएनएवर सिक्वेन्सिंग केलं आणि त्यात टीएफई३ शेजारच्याच आरबीएम१० नावाच्या जनुकाला जोडलेलं सापडलं. शेजारीच असल्यामुळे तुटूनही दिवे लांब जात नाहीत, म्हणून फिश फसतं.

तीन महिने गेले यात. भाची तेव्हा बारावीनंतरच्या सुट्टीत सिंथेसायझर शिकत होती, प्रत्येक रिपोर्टच्या दिवशी तेच एक गाणं वाजवत बसायची. आज दोन वर्षं झाली, स्कॅन स्वच्छ आहेत. माझं म्हणणं एवढंच की टेस्ट निगेटिव्ह आली तरी स्लाइड बघणाऱ्या माणसाच्या मनाला पटतंय का ते विचारा.

पाचपाखाडी_काका
खारघरताई, तुमच्या त्या डॉक्टरबाईंना माझा नमस्कार सांगा.

घोडबंदर_किल्ला
विषयांतर करतो. ब्लॉक परळला टाटाला रिव्ह्यूला द्यायचे असतील तर ठाण्याहून सकाळी लवकर स्लो पकडा, आणि मूळ रिपोर्ट, सीटीची सीडी, ऑपरेशनच्या नोट्स यांच्या झेरॉक्सचे दोन संच आधीच काढून न्या. खारघरला अ‍ॅक्ट्रेकला (टाटाचंच दुसरं केंद्र) जायचं असेल तर ठाण्याहून ट्रान्स हार्बरची पनवेल गाडी, खारघरला उतरून रिक्षा.

वाशी_सेक्टर_९
आणि उपाशी जाऊ नका. रांगेत चक्कर येते. डबा न्याच.

मासुंदा_काठ
काका, तुमची पोस्ट दुपारी ऑफिसात वाचली आणि उठून जिन्यात जाऊन बसले.

भावाच्या डाव्या खांद्यामागे सात-आठ पुटकुळ्या आहेत. कॉलेजपासून आहेत. एसीच्या झोतात बसलं की चावल्यासारख्या दुखतात म्हणून तो बाराही महिने शर्टाच्या आत बनियन घालतो, आम्ही त्याला 'म्हातारा' म्हणून चिडवायचो. स्किनच्या डॉक्टरांनी एकदा फॅटच्या गाठी म्हणून सोडून दिलं होतं.

आणि फायब्रॉइड. माझं ऑपरेशन २९ व्या वर्षी झालं, अकरा गाठी काढल्या. आईचं गर्भाशय ३४ व्या वर्षीच काढलं, तेव्हा मी दुसरीत होते, आजीने 'आमच्या घरात बायकांना असतंच' म्हणून सांगितलेलं आठवतं. मामा पन्नाशीत किडनीच्या कॅन्सरनेच गेले. हे सगळं आम्हाला माहीत होतं हो. एका ओळीत कधी मांडलंच नव्हतं. ऑपरेशनच्या वेळी फॅमिली हिस्टरीत बाबांनी डायबेटिस आणि बीपी एवढंच सांगितलं, कारण विचारलं तेवढंच.

पाचपाखाडी_काका
ताई, आधी शांत व्हा. फायब्रॉइड सर्रास असतात आणि बहुतेक बायकांच्या फायब्रॉइडचा याच्याशी काही संबंध नसतो, हे इथे वाचणाऱ्या सगळ्याजणींसाठी लिहितोय, उगाच धावू नका. पण तुमच्या घरचं चित्र बोलकं आहे. अशा पुटकुळ्या, फायब्रॉइड आणि किडनीची गाठ एकाच घराण्यात येतात, एचएलआरसीसी म्हणतात याला. एफएच जनुक एक नंबरच्या क्रोमोसोमवर आहे, आणि दोष असलेल्या पालकाकडून प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी.

क्रम असा ठेवा. आधी भावाच्या ब्लॉकवर एफएच आणि सोबत २एससी. दोन्ही का ते सांगतो. बारावीच्या बायोलॉजीतलं क्रेब्स सायकल आठवतंय? त्यात फ्युमरेट पुढे ढकलणारं एन्झाइम म्हणजे हे एफएच. ते बंद पडलं की फ्युमरेट साचतं आणि इतर प्रथिनांना जाऊन चिकटतं, त्या चिकटण्याची खूण २एससीने दिसते. काही दोषांत एन्झाइम कामाचं नसतं पण जागेवर असतं, मग एफएचचा स्टेन तपकिरीच येतो आणि फसवतो. अशा वेळी २एससी चोर पकडून देतो. मग भावाचं रक्त जर्मलाइन टेस्टला, आणि त्याच्यात दोष सापडला की बाकीच्यांच्या रक्तात फक्त तो एकच बदल शोधायचा, ते खूप सोपं आणि स्वस्त पडतं. सगळ्यांनी एकदम मोठं पॅनल करू नका. त्याआधी जेनेटिक काउन्सेलिंग घ्या, टाटाला कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिक आहे.

कोलशेत_बंड्या
मासुंदाताई, मी माझं पहिलं मत मागे घेतो. तुमच्या बाबतीत टेस्ट कराच. बाबांना माझी पोस्ट दाखवली असेल तर हीसुद्धा दाखवा.

कळवेकरीण
मला काकांना विचारायचंय, रिपोर्टवर ग्रेड ४ लिहिलेलं असलं की संपलंच का? आमच्या शेजारच्या काकूंचा क्रोमोफोब होता आणि त्यांच्या रिपोर्टवर ग्रेडच नव्हती, त्या वर्षभर भांडत होत्या लॅबशी.

पाचपाखाडी_काका
लॅब बरोबर होती. ही ग्रेड, म्हणजे केंद्रकं किती बिघडलेली दिसतात त्याचा १ ते ४ आकडा, क्लिअर सेल आणि पॅपिलरीसाठी आहे. क्रोमोफोबची केंद्रकं मुळातच मनुकांसारखी सुरकुतलेली असतात, तिला ही पट्टी लावली तर उगाच मोठा आकडा येईल आणि काकू अजून घाबरतील.

ऐरोली_गाडी
अपडेट काही मासुंदाताई? धागा वर आणतोय. दोन महिने होत आले.

मासुंदा_काठ
आज लिहायला बसलेच आहे.

भावाच्या गाठीत एफएच गेलेलं, २एससी लागलेलं. स्लाइडबाई, पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मला दोन डोळ्यांच्या मायक्रोस्कोपवर दाखवलं. गाठ पूर्ण फिकट आणि तिच्यातून जाणारी एक बारीक रक्तवाहिनी, तपकिरी, कडेकडेने. मला तुमचीच आठवण झाली. रक्तातही दोष निघाला. आता दर तीन महिन्यांनी स्कॅन, सध्या पसरलेलं काही नाही.

मग आईचं आणि माझं रक्त दिलं. दोघींनाही आहे. माझा एमआरआय स्वच्छ, दरवर्षी करायचा. आईच्या उजव्या किडनीत सव्वा सेंटिमीटरची गाठ सापडली. त्रास शून्य. काका म्हणाले होते तसंच डॉक्टर म्हणाले, थांबायचं नाही. पुढच्या मंगळवारी ऑपरेशन आहे, गाठ आजूबाजूच्या थोड्या भागासकट काढतील, किडनी ठेवतील.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. एमआरआय आठ-दहा वर्षांपासून सुरू करतात म्हणे, त्यामुळे त्याची टेस्ट परीक्षा संपल्यावर. मामांच्या दोन्ही मुलींना फोन केला. मोठी अर्धा मिनिट काही बोललीच नाही, मग म्हणाली, माझे फायब्रॉइड पुढच्या महिन्यात काढायचेत गं.

माझ्या जुन्या ऑपरेशनचे ब्लॉक मागायला गेले तर सापडत नाहीत म्हणाले. तीन चकरा मारल्या, सोडून दिलं.

आई पहिले दोन दिवस एकच म्हणत होती, माझ्यामुळे झालं, माझ्या पोरांना मी दिलं. तिसऱ्या दिवशी बाबाच, जे टेस्ट नको म्हणत होते ते, तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, अगं त्याची टेस्ट झाली म्हणून तुझी गाठ सव्वा सेंटिमीटरवर सापडली, लेकाने तुला दिलंय ते बघ. मी स्वयंपाकघरात होते, बाहेर आलेच नाही.

खारघर_हिल्स
मंगळवारी आठवण ठेवून प्रार्थना करणार. रक्त लागलं तर माझा ओ पॉझिटिव्ह आहे, मेसेज करा.

कोलशेत_बंड्या
मी घोडबंदर रोडलाच आहे, गाडी आहे, हॉस्पिटलला नेण्याआणण्याला कधीही हाक मारा. काकांचे जुने रिपोर्ट काल माळ्यावरून काढले. त्यावर 'पॅपिलरी, टाइप २' आहे. चुलतभावाला सांगितलंय, ब्लॉकची चौकशी करायला सोमवारी जातोय.

पाचपाखाडी_काका
जा. मिळाले तर मला कळवा, स्लाइड मी स्वतः बघतो.

स्लाइडबाई
मासुंदाताई, भावाचे ब्लॉक परत घेतलेत ना सगळे? पुढे अजून एखादी टेस्ट लागली तर तेच लागतील. मोजून घेतलेत?

मासुंदा_काठ
घेतले. नऊ ब्लॉक, नऊची पोच. स्टीलच्या डब्यात घालून देवघराखालच्या खणात आहेत, ऊन लागत नाही तिथे. आईनेच ठेवले.